विलंबाचा हिशेब कोण मांडणार?

अमेरिकेतल्या सरकारी कारभाराविषयी आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे. तिथलं कोणतंही खातं मनाला येईल तसा नियम काढू शकत नाही, असं सांगितलं जातं. खात्याचा मसुदा आधी व्हाइट हाउसच्या एका कार्यालयात जातो, तिथले अर्थतज्ज्ञ त्याचा खर्च आणि लाभ ताडून पाहतात, चुका दाखवतात, आणि मगच तो राजपत्रात छापून येतो. न्यू जर्सीत आयुष्य काढलेले नातेवाईक हे कौतुकाने सांगतात, अर्थकारणावर लिहिणारे त्याचे दाखले देतात, आणि दिल्लीतही असंच एखादं कार्यालय हवं असा सूर अधूनमधून लागतो. मला हे कौतुक मान्य नाही. ते नुसतं भाबडं असतं तर सोडून दिलं असतं. पण ज्या व्यवस्थेमुळे दगड कापणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांचं आणि घरासमोर खेळणाऱ्या मुलांचं संरक्षण वर्षानुवर्षं लांबलं, तिला सुशासनाचा नमुना म्हणून मिरवलं जात असेल तर गप्प बसणं चूक आहे.

या कार्यालयाचं नाव ‘ऑफिस ऑफ इन्फर्मेशन अँड रेग्युलेटरी अफेअर्स’. वॉशिंग्टनमध्ये सगळे त्याला ओआयरा म्हणतात. राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा, म्हणजे ओएमबीचा, तो एक छोटा विभाग. डिसेंबर १९८० मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने तो जन्माला आला, आणि त्या कायद्याचा हेतू होता सरकारी फॉर्म भरण्याचा नागरिकांवरचा भार कमी करणं. दोनच महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १९८१ रोजी, रोनाल्ड रेगन यांनी १२२९१ क्रमांकाचा आदेश काढला. मोठ्या नियमांचे मसुदे या विभागाला दाखवल्याशिवाय खात्यांनी पुढे जायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी तो आदेश रद्द करून १२८६६ क्रमांकाचा आदेश आणला, आणि आजही मूळ चौकट तीच आहे. मसुदे रोखून धरण्याची ही सत्ता संसदेने कायदा करून दिलेली नाही. राष्ट्राध्यक्षांनी आपल्याच सहीने ती आपल्या कार्यालयाला दिली आहे. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

समर्थकांचं म्हणणं त्यांच्या पूर्ण जोरासह मांडतो. खात्यांना फक्त आपलंच काम दिसतं, त्यामुळे सगळ्या देशाचा विचार करणारा कोणीतरी वर हवा. छाननीला लागून लागून काही आठवडे लागतात. खर्च-लाभाचा तराजू तटस्थ असतो, तो कोणाची बाजू घेत नाही. कार्यालयातली माणसं तज्ज्ञ आहेत. छाननीमागे निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष उभा असल्याने ती लोकशाहीला धरून आहे. आणि रेगन यांच्यापासून पुढे दोन्ही पक्षांच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने ती टिकवली, यातच तिचं शहाणपण सिद्ध होतं.

आधी ‘काही आठवडे’ घेऊ. आदेश १२८६६ नुसार छाननी ९० दिवसांत संपली पाहिजे. ओएमबीच्या संचालकांनी लेखी मान्यता दिली तर आणखी ३० दिवस. पण खात्याच्या प्रमुखाने विनंती केली तरीही मुदत वाढते, आणि प्रत्यक्षात त्या वाढीला शेवट राहिलेला नाही. ज्याच्या हातात आपला मसुदा अडकला आहे, त्याने सुचवल्यावर कोणतं खातं अशी विनंती करायला नाही म्हणेल? कर्टिस कोपलंड यांनी २०१३ मध्ये अमेरिकेच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कॉन्फरन्स या सरकारी संस्थेसाठी केलेल्या अभ्यासात याचं फळ दिसतं. १९९४ ते २०११ या काळात छाननीला सरासरी ५० दिवस लागत होते. २०१२ मध्ये ते ७९ झाले आणि २०१३ च्या पहिल्या सहामाहीत १४०. जिथे सरासरीच मुदतीच्या पलीकडे गेली, तिथे मुदत उरली होती असं कोणी म्हणू शकेल का?

सरासरीच्या आड माणसं दिसत नाहीत, म्हणून एक मसुदा घेतो. कामगारांच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या ओशा या खात्याने सिलिकाच्या धुळीविषयीचा मसुदा १४ फेब्रुवारी २०११ रोजी ओआयराकडे पाठवला. दगड आणि काँक्रीट कापताना, वाळूचा मारा करून धातू घासताना, ओतशाळेत साचे फोडताना ही धूळ उडते. ती फुप्फुसात रुतते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर इलाज नाही. अमेरिकेत सुमारे २३ लाख कामगार या धुळीत काम करत होते आणि धुळीची मर्यादा १९७१ सालची होती. ओशाच्या अंदाजानुसार नव्या नियमाचा पूर्ण परिणाम झाल्यावर दरवर्षी ६०० हून अधिक जीव वाचणार होते आणि सिलिकोसिसचे ९०० हून अधिक नवे रुग्ण टळणार होते. मसुदा ओआयराच्या दप्तरातून बाहेर पडला ऑगस्ट २०१३ मध्ये. नव्वद दिवसांच्या कामाला अडीच वर्षं लागली. तोही अंतिम नियम नव्हता. लोकांकडून हरकती आणि सूचना मागवण्यासाठीचा तो नुसता प्रस्ताव होता. म्हणजे अडीच वर्षं कामगार, मालक आणि डॉक्टर यांपैकी कोणालाही त्या मसुद्यावर जाहीरपणे तोंड उघडता आलं नाही. अंतिम नियम आला मार्च २०१६ मध्ये. वर्षाला ६०० हा अंदाज धरला तर अडीच वर्षांच्या खोळंब्याची किंमत दीड हजार माणसं होते. खर्च आणि लाभ मोजण्यासाठीच जन्मलेल्या या कार्यालयाने हा खर्च कोणत्या रकान्यात लिहिला? कुठेच नाही. नियम केला तर काय खर्च येईल, हे खात्याने शेकडो पानं भरून सिद्ध करायचं. नियम अडवला तर काय खर्च येईल, हे ओआयराला कोणी विचारतच नाही. ज्या तराजूला एकच पारडं आहे, त्याला तटस्थ कसं म्हणायचं?

दुसरा मसुदा मोटारींचा. मागे घेताना गाडीखाली चिरडून अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१० माणसं मरत होती. त्यांतली जवळपास एक तृतीयांश पाच वर्षांखालची मुलं होती. बहुतेकदा गाडी आईची, बापाची किंवा आजोबांची असे. संसदेने कायदा केला आणि २००८ मध्ये जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली. चालकाला गाडीच्या मागचं दिसलंच पाहिजे, असा नियम तीन वर्षांत करा, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये मसुदा ओआयराकडे गेला आणि तिथेच पडून राहिला. जून २०१३ मध्ये वाहतूक खात्याने तो मंजुरीविना परत घेतला. पालकांनी आणि ग्राहक संघटनांनी कोर्टात धाव घेतल्यावर मार्च २०१४ च्या अखेरीस नियम निघाला. सगळ्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला तो मे २०१८ पासून. इथे तर कोणा अतिउत्साही अधिकाऱ्याने स्वतःहून नियम रचला होता असंही नाही. लोकप्रतिनिधींनी कायदा केला होता आणि तारीख घालून दिली होती. छाननीच्या नावाखाली ती तारीख धाब्यावर बसवण्याचा अधिकार या कार्यालयाला कोणी दिला?

हा प्रश्न न्यायालयानेही विचारला होता, आणि तोही १९८६ मध्येच. घातक कचरा साठवणाऱ्या टाक्यांविषयीचे नियम कायद्याने ठरवलेली तारीख उलटली तरी निघाले नाहीत, म्हणून एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड ही संस्था कोर्टात गेली. संसदेने नेमून दिलेल्या तारखेपलीकडे नियम रोखून धरण्याचा अधिकार ओएमबीला नाही, असा निकाल वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने दिला. त्यानंतर पाव शतकाने मोटारीच्या कॅमेऱ्याचं प्रकरण घडलं. निकाल कागदावर राहिला आणि सवय टिकली.

आता तराजूच्या शास्त्रीयपणाकडे वळू. १९८५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या नियमांवरून जॉन डिंगेल यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय उपसमितीने ओएमबीच्या हस्तक्षेपाची चौकशी केली. ॲस्बेस्टॉसचा तंतू शरीरात गेल्यावर कॅन्सर दिसायला तीस-चाळीस वर्षं लागतात. म्हणून आज वाचवलेला जीव चाळीस वर्षांनी वाचला असं धरायचं आणि त्याच्या किमतीवर दरवर्षी वटाव कापत जायचा, असा ओएमबीचा आग्रह होता. दहा टक्के दराने चाळीस वर्षं वटाव कापला की दहा लाख डॉलरांचे उरतात सुमारे बावीस हजार. गणित बरोबर आहे. पण ज्या मजुराने आज तो तंतू श्वासातून घेतला, त्याच्या जिवाची किंमत केवळ रोग सावकाश येतो म्हणून पंचेचाळीसपट कमी होते, हे कोणत्या शास्त्राने सांगितलं? तो निर्णय नीतीचा आहे. गणिताच्या आडोशाला उभं राहून तो घेतला गेला, एवढंच.

आणि हा दर तरी स्थिर आहे का? २००३ च्या मार्गदर्शक पत्रकात तीन आणि सात टक्के असे दोन दर होते. बायडन सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ते बदलून दर दोन टक्के केला. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी नवं पत्रक रद्द करून जुनं पुन्हा आणलं. चाळीस वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत दोन टक्क्यांनी पंचेचाळीस रुपये होते आणि सात टक्क्यांनी सात रुपयांहूनही कमी. निवडणुकीच्या निकालाबरोबर ज्याचे आकडे बदलतात, त्याला शास्त्राची तटस्थता म्हणून विकलं जातं, आणि आपण ते विकत घेतो.

याहून ढळढळीत पुरावा २०१७ चा आहे. ट्रम्प यांनी पदावर आल्यावर दहा दिवसांत आदेश काढला की एक नवा नियम करायचा तर दोन जुने काढायचे आणि नव्या नियमांचा एकूण वाढीव खर्च शून्य ठेवायचा. त्या हिशेबात लाभ धरायचाच नव्हता. दहा कोटी खर्चून शंभर कोटींचं भलं करणारा नियमही त्या फूटपट्टीवर दहा कोटींचा तोटा ठरत होता. २०२५ मध्ये दोनाच्या जागी दहा आले. हे आदेश राबवायची जबाबदारी कोणाकडे गेली? खर्च आणि लाभ दोन्ही तोलण्याचा दावा करणाऱ्या याच ओआयराकडे. या कार्यालयाची निष्ठा खरोखर विश्लेषणावर असती, तर लाभ पुसून टाकणारा हिशेब त्याच्या हातून राबवला गेला असता का?

इथे समर्थक हमखास शिसेयुक्त पेट्रोलचं उदाहरण देतात. १९८५ मध्ये पर्यावरण खात्याने, ईपीएने, पेट्रोलमधल्या शिशाची मर्यादा गॅलनला १.१ ग्रॅमवरून जानेवारी १९८६ पर्यंत ०.१ ग्रॅमवर आणली, आणि या निर्णयाला बळ दिलं ते खर्च-लाभाच्या भक्कम अभ्यासाने. मुलांच्या मेंदूला होणारी इजा आणि प्रौढांचा रक्तदाब यांचा हिशेब त्यात होता. हे सगळं खरं आहे. पण तो अभ्यास केला कोणी? ईपीएच्या आत बसलेल्या जोएल श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्याच्या तीनच वर्षं आधी रेगन सरकारचा नियम शिथिल करणारा कार्यगट शिशाची मर्यादा सैल करायला निघाला होता. या उदाहरणातून इतकंच सिद्ध होतं की चांगलं विश्लेषण हवं आणि ते विषय जाणणाऱ्या खात्यातच होतं. ते झाल्यावर मसुद्याला वरून कुलूप घालण्याचा अधिकार हवा, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तज्ज्ञतेचा मुद्दा याच ठिकाणी कोसळतो. ओआयरात आज जेमतेम पन्नासेक माणसं आहेत. सुरुवातीच्या वर्षांत ती नव्वदच्या आसपास होती. विषशास्त्र, खाणी, औषधं, विमानं, बँका, अन्न या सगळ्यांवर खात्यांतल्या हजारो शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी वर्षानुवर्षं केलेलं काम ही पन्नास माणसं तपासतात. १९८४ मध्ये इथिलीन ऑक्साइडबाबत जे घडलं ते पाहा. रुग्णालयातली उपकरणं निर्जंतुक करायला हा वायू वापरतात आणि त्याने कॅन्सर होतो. ओशाच्या नियमात दिवसभराच्या सरासरी मर्यादेबरोबरच थोड्या वेळाच्या तीव्र संपर्कावरही मर्यादा होती, कारण उपकरणांच्या पेटीचं दार उघडताना तंत्रज्ञाच्या तोंडावर वायूचा झोत येतो. ओएमबीने हरकत घेतली आणि नियम छापायला जाण्याच्या सुमारास ती तरतूद कागदावरून काढून टाकली गेली. पब्लिक सिटिझन ही संस्था न्यायालयात गेली. तरतूद वगळण्याच्या निर्णयाला पुराव्याचा आधार नाही, असं अपील न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितलं, आणि १९८८ मध्ये ती तरतूद परत आली. मधली चार वर्षं त्या दारासमोर उभ्या राहिलेल्या परिचारिकांना आणि तंत्रज्ञांना या तज्ज्ञतेचा काय उपयोग झाला?

लोकशाहीचा मुद्दा समर्थकांना सर्वांत लाडका. राष्ट्राध्यक्ष निवडून आलेला आहे, खात्यातला अधिकारी नाही, असं ते म्हणतात. ठीक आहे, मग राष्ट्राध्यक्षाने उत्तरदायी व्हावं. २ सप्टेंबर २०११ रोजी बराक ओबामा यांनी ईपीएचा ओझोनविषयीचा कठोर नियम जाहीरपणे मागे घ्यायला लावला आणि सावरत्या अर्थव्यवस्थेवर नियमांचा बोजा नको, असं सांगितलं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. हवेची आरोग्यविषयक मानकं ठरवताना खर्चाचा विचार कायद्याला मान्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच एकमताने म्हटलं होतं. पण निदान तिथे नाव होतं, तारीख होती आणि कारण होतं. मतदार त्यांना जाब विचारू शकत होता. सिलिकाच्या मसुद्याला ‘नाही’ कोण म्हणालं? कोणीच नाही. ईपीएने मे २०१० मध्ये पाठवलेला चिंताजनक रसायनांच्या यादीचा प्रस्ताव सप्टेंबर २०१३ मध्ये खात्यानेच मागे घेतला. तो तीन वर्षं का अडला? सही केलेला नकार नाही, लेखी हरकत नाही. नुसतं मौन. मौनाला मतपेटीतून हरवता येत नाही.

हे मौन सर्वांसाठी सारखं असतं असंही नाही. ओआयराचं दार बैठकीसाठी कोणालाही उघडं आहे, असं म्हणतात. सेंटर फॉर प्रोग्रेसिव्ह रिफॉर्म या संस्थेने २००१ ते २०११ या दहा वर्षांतल्या नोंदी तपासल्या. १,०८० बैठका झाल्या होत्या. बाहेरून आलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के उद्योगांचे प्रतिनिधी होते आणि सार्वजनिक हिताच्या संघटनांचे सुमारे १२ टक्के. हे अपेक्षितच आहे. वॉशिंग्टनमध्ये कायम वकील ठेवणाऱ्या कंपनीला त्या दारापर्यंत जायला अर्धा तास लागतो. ओहायोतल्या ओतशाळेत राबणाऱ्या कामगाराला ते दार कुठे आहे हेही ठाऊक नसतं. त्याच्यासाठी कायद्याने एक जागा दिली आहे: राजपत्रात मसुदा छापून हरकती-सूचना मागवण्याची. नेमकी तीच जागा गाठण्याआधी मसुदा अडवला जातो.

खात्याखात्यांत समन्वय हवा, हे मलाही मान्य आहे. त्यासाठी सर्व संबंधितांना एका टेबलाशी बसवावं. त्यासाठी अडीच वर्षांच्या शांततेची गरज पडत नाही.

उरला ‘दोन्ही पक्षांनी राखली’ हा युक्तिवाद. स्वतःच्या हातात आलेली सत्ता कोणत्या राष्ट्राध्यक्षाने आपण होऊन सोडली आहे? प्रत्येकाला ती सोयीची वाटली, याचा अर्थ ती लोकांच्या हिताची होती असा होत नाही. ती सोय कुठवर जाते तेही आता दिसलं. फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने शेअर बाजारावर देखरेख करणारं एसईसी, मक्तेदारी रोखणारं एफटीसी, दूरसंचाराचं एफसीसी अशा स्वतंत्र आयोगांनाही ओआयराच्या छाननीखाली आणलं. राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीपासून लांब राहावेत म्हणूनच संसदेने हे आयोग स्वतंत्र केले होते. चार दशकं ज्यांनी ‘ही नुसती तपासणी आहे’ असं सांगितलं, त्यांनी आता सांगावं, ही तपासणी कुठे थांबणार?

भारतात असं कार्यालय मागणाऱ्यांनी घरातलेच दोन दाखले आधी पाहावेत. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने २०१३ च्या अहवालात वित्तीय नियामकांना खर्च-लाभाचं विश्लेषण करायला सांगितलं, पण ते नियामकानेच करावं आणि मसुद्यासोबत लोकांपुढे ठेवावं, असं म्हटलं. महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा केला, ज्याला आपण दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतो. कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये, असं त्यात लिहिलं आहे. त्याची अंमलबजावणी दुबळी आहे, हे प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. तरीही विलंब हा स्वतंत्र अपराध आहे आणि त्याला जबाबदार माणूस असतो, हे तत्त्व आपण कायद्यात लिहिलं. जगातल्या सर्वांत बलाढ्य सरकारने त्याच्या नेमकं उलट वागून दाखवलं, आणि आपण अनुकरण त्याचं करायचं?

माझं म्हणणं साधं आहे. नियमांचा खर्च जरूर मोजा, चुका जरूर काढा, राष्ट्राध्यक्षाला नियम नको असेल तर त्याने तो नाकारावाही. पण ते उघडपणे करा. मुदत ९० दिवसांची असेल तर एक्याण्णवाव्या दिवशी मसुदा आपोआप राजपत्रात गेला पाहिजे. हरकत असेल तर ती लेखी, नावानिशी आणि त्याच दिवशी जाहीर झाली पाहिजे. नियमाच्या खर्चाशेजारी तो अडवण्याचा खर्चही त्याच पानावर, त्याच एककात छापला पाहिजे. संसदेने तारीख दिली असेल तर तिच्यापुढे कोणत्याही छाननीचं काही चालता कामा नये. या चार अटी मान्य असतील तर केंद्रीय छाननीला माझा विरोध नाही. या अटी नको असतील, तर तुम्हाला छाननी नकोच आहे. तुम्हाला हवी आहे ती नाव न देता, कारण न सांगता, माणसांचे जीव वाचवणारा नियम अडवून ठेवण्याची सत्ता. लोकशाहीत ती कोणालाच असता कामा नये, राष्ट्राध्यक्षालाही नाही.